माया शिलास्तंभावरच्या तारखांतून माणसाचे आयुष्य कसे ओळखावे

ग्वाटेमालाच्या पेतेन प्रांतात, उसुमासिंता नदीच्या उजव्या तीरावर, पिएद्रास नेग्रास नावाचे एक उद्ध्वस्त नगर आहे, मध्य अमेरिकेतील प्राचीन माया संस्कृतीचे. १९६० साली तातियाना प्रोस्कुरियाकॉफ यांनी या एका नगरातील शिलास्तंभांवरच्या तारखांविषयी एक निबंध 'अमेरिकन अँटिक्विटी' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. तोपर्यंत सिल्व्हेनस मॉर्ली आणि एरिक थॉम्प्सन यांच्यासारख्या अधिकारी विद्वानांचे मत असे होते की, या लेखांत राजे नाहीत, लढाया नाहीत, कोणाचे नावगाव नाही. आहे तो काळाचा हिशेब, ग्रहगोलांचे निरीक्षण आणि पुरोहितांचे विधी. प्रोस्कुरियाकॉफ यांनी दाखवून दिले की हे स्तंभ राजांच्या जन्माचे, राज्यारोहणाचे आणि घराण्याचे दाखले आहेत. हे दाखवताना त्यांनी लेखातला एकही शब्द उच्चारून वाचला नव्हता. कोणता दगड कोठे उभा होता, त्यावर कोणत्या तारखा आहेत आणि त्या तारखांमध्ये किती अंतर आहे, एवढ्यावरूनच त्या निष्कर्षाला पोहोचल्या.

ही पद्धत घरबसल्या शिकता येते, आणि माझ्या मते माया संशोधनाची खरी ओळख करून घेण्याचा याहून चांगला मार्ग नाही. पुढे याच नगरातील तिसऱ्या क्रमांकाचा स्तंभ उदाहरणादाखल घेतला आहे. सोबत प्रोस्कुरियाकॉफ यांच्या कारकिर्दीचा मागोवाही घेतला आहे, कारण त्यांची पद्धत त्यांच्या आयुष्यातील कामांच्या क्रमातून घडत गेली. तो क्रम वगळला, तर पद्धत म्हणजे केवळ बेरीज-वजाबाकी उरते.

लागणारे साहित्य अगदी थोडे आहे. स्तंभाचे रेषाचित्र, चौकटीची वही, पेन्सिल, खोडरबर आणि साधे गणकयंत्र पुरे. हार्वर्ड विद्यापीठाच्या पीबॉडी संग्रहालयाने माया लेखांच्या रेषाचित्रांचा जो संग्रह १९६८पासून हाती घेतला, त्याचा या कामी उपयोग होतो; टेओबेर्ट मालेर यांनी १८९५ आणि १८९९ साली पिएद्रास नेग्रासला जाऊन काढलेली आणि १९०१ साली प्रसिद्ध झालेली छायाचित्रेही आजतागायत मोलाची आहेत, कारण १९६०च्या दशकात या नगरातील अनेक स्तंभ चोरट्यांनी तोडून आणि करवतीने कापून नेले. छायाचित्रापेक्षा रेषाचित्र घेऊन सुरुवात करावी. झिजलेल्या दगडाच्या छायाचित्रात नवख्या डोळ्याला नसलेल्या गोष्टी दिसतात.

हात आधी, तर्क नंतर

प्रोस्कुरियाकॉफ यांचा जन्म १९०९ साली सायबेरियातील टॉम्स्क येथे झाला. वडील रसायनशास्त्रज्ञ होते. पहिल्या महायुद्धात झारच्या सरकारने त्यांना युद्धसामग्रीच्या तपासणीसाठी अमेरिकेत पाठवले, आणि पुढे रशियात क्रांती झाल्याने कुटुंब तेथेच स्थायिक झाले. तातियाना यांनी १९३० साली पेनसिल्व्हेनिया स्टेटमधून वास्तुशास्त्राची पदवी घेतली, पण ती महामंदीची ऐन वेळ होती आणि इमारतीच कोणी बांधत नव्हते. भरतकामाचे नमुने काढून देण्यासारखी किरकोळ कामे करता करता त्या फिलाडेल्फियाच्या विद्यापीठ संग्रहालयात चित्रे काढू लागल्या. तेथील लिंटन सॅटरथ्वेट यांनी त्यांचा हात पाहिला आणि १९३६ साली त्यांना पिएद्रास नेग्रासच्या उत्खननावर नेले. पुरातत्त्वाची पदवी त्यांनी कधीही घेतली नाही. त्या तेथे पोहोचल्या त्या मोजमापे घेणारी आणि रेखाटणारी व्यक्ती म्हणून.

म्हणून आपणही पहिली पायरी हीच धरावी. स्तंभाचे रेषाचित्र समोर ठेवून ते आपल्या वहीत पुन्हा काढावे. याचा कंटाळा येतो, आणि बहुतेक जण ही पायरी गाळतात. परंतु हाताने काढल्याशिवाय माया अक्षरांतील भेद डोळ्यांत भरत नाहीत. माया लेखन चौकोनी खणांत बसवलेले असते. हे खण दोन-दोन स्तंभिकांच्या, म्हणजे खणांच्या उभ्या रांगांच्या, जोड्यांनी वाचायचे असतात: वरच्या ओळीतील डावा खण, मग उजवा, मग खालच्या ओळीतील डावा, मग उजवा, असे जोडीच्या तळापर्यंत जावे आणि नंतर पुढची जोडी घ्यावी. स्तंभिकांना अक्षरे आणि ओळींना आकडे देऊन प्रत्येक खणाचा पत्ता ठरवावा, म्हणजे पुढे 'तो मधला बेडकासारखा' अशी भाषा वापरावी लागत नाही.

रेखाटताना एक शिस्त कटाक्षाने पाळावी. जे दगडावर आहे ते अखंड रेषेने काढावे आणि जे असावे असे आपल्याला वाटते ते तुटक रेषेने. प्रोस्कुरियाकॉफ यांनी माया इमारतींच्या पुनर्रचनेची जी चित्रे काढली, त्यांतील पिएद्रास नेग्रासच्या राजवाड्याचे चित्र पाहून मॉर्ली यांनी त्यांना अमेरिकेतील कार्नेगी या संशोधनसंस्थेत घेतले आणि १९३९ साली होंडुरासमधील कोपान या माया नगरात पाठवले. त्या चित्रांचा संग्रह १९४६ साली निघाला. कल्पनेने पूर्ण केलेल्या इमारतीच्या चित्राबरोबर प्रत्यक्ष शिल्लक असलेले अवशेष दाखवणारे साधे रेखाटनही त्यात दिलेले आहे, म्हणजे कोणता जिना सापडलेला आहे आणि कोणता केवळ तर्काने चढवलेला आहे हे वाचकाला पडताळता येते. पुनर्रचनेच्या नावाखाली आज संगणकावर जी देखणी चित्रे तयार होतात, त्यांच्याबरोबर असे दुसरे चित्र क्वचितच असते.

तारीख शोधणे आणि तपासणे

आता अंकांकडे वळावे. माया अंकांत ठिपका म्हणजे एक आणि आडवी किंवा उभी पट्टी म्हणजे पाच. तीन पट्ट्या आणि एक ठिपका म्हणजे सोळा. शून्याला स्वतंत्र चिन्ह आहे, जे हस्तलिखितांत शिंपल्यासारखे आणि दगडावर बहुधा फुलाच्या पाकळ्यांसारखे दिसते. येथे नवखा माणूस हमखास फसतो, कारण शिल्पकाराला रिकामी जागा खपत नसे आणि ठिपक्यांच्या शेजारी तो चंद्रकोरीसारखी भरतीची चिन्हे कोरीत असे. दोन ठिपक्यांमध्ये कोर असेल तर संख्या दोनच आहे, तीन नव्हे. दोन कोरींच्या मध्ये एक ठिपका असेल तर ती संख्या एक. काही लेखांत अंकांऐवजी देवतांचे मुखवटेही येतात. अशा लेखाला प्रारंभी हात घालू नये.

लेखाच्या आरंभी नेहमीपेक्षा मोठे, बहुधा दोन स्तंभिका व्यापणारे एक चिन्ह असते. त्यापुढे दीर्घगणनेचे पाच आकडे येतात, मोठ्या एककाकडून लहान एककाकडे. बाकतुन म्हणजे १,४४,००० दिवस, कातुन म्हणजे ७,२०० दिवस, तुन म्हणजे ३६० दिवस, विनाल म्हणजे २० दिवस आणि किन म्हणजे एक दिवस. ज्यांना पंचांगगणिताची ओळख आहे त्यांना यात नवे काहीच वाटणार नाही, कारण हा उघड उघड अहर्गण आहे: एका ठरावीक आरंभदिवसापासून मोजलेले दिवस. मायांचा आरंभदिवस ग्रेगोरियन पद्धतीने इसवी सनपूर्व ३११४च्या ऑगस्टमध्ये येतो आणि आपल्याकडील कलियुगाचा आरंभ इसवी सनपूर्व ३१०२ मानला जातो. या दोहोंतील बारा वर्षांहून कमी अंतरावरून आणि मय दानवाच्या नामसाम्यावरून आपल्याकडे अधूनमधून जे सिद्धांत मांडले जातात, त्यांना कोणताही आधार नाही. वाचकाने त्या वाटेला जाऊ नये.

तिसऱ्या स्तंभावरील आरंभीची तारीख ९.१२.२.०.१६ अशी आहे. ती दिवसांत बदलावी: ९ गुणिले १,४४,००० म्हणजे १२,९६,०००, १२ गुणिले ७,२०० म्हणजे ८६,४००, २ गुणिले ३६० म्हणजे ७२०, विनाल शून्य, आणि १६ किन. एकूण १३,८३,१३६ दिवस.

हा आकडा बरोबर वाचला की नाही हे तपासण्याची सोय मायांनीच करून ठेवली आहे. दीर्घगणनेबरोबर ते त्याच दिवसाची दोन चक्रांतील नावेही देतात. पहिले चक्र २६० दिवसांचे, ज्यात १ ते १३ हे आकडे आणि वीस दिवसनामे एकाच वेळी पुढे सरकतात. दुसरे ३६५ दिवसांचे, ज्यात वीस दिवसांचे अठरा महिने आणि शेवटी पाच जादा दिवस असतात. आरंभदिवस होता '४ अहाव ८ कुमकु'. आता १३,८३,१३६ला १३ने भागले की बाकी १ उरते. ४ अधिक १ म्हणजे ५. वीसने भागले की बाकी १६ उरते, आणि अहावपासून सोळावे दिवसनाम किब. म्हणून पहिल्या चक्रातील दिवस '५ किब' असला पाहिजे. ३६५ने भागले की बाकी १५१. कुमकु हा अठरावा महिना, म्हणजे ८ कुमकुपूर्वी वर्षाचे ३४८ दिवस झालेले असतात. ३४८ अधिक १५१ म्हणजे ४९९, त्यातून ३६५ वजा केले की १३४. सहा महिन्यांचे १२० दिवस वजा केले की १४ उरतात आणि सातवा महिना याशकिन येतो. म्हणजे '१४ याशकिन'.

आता दगडाकडे पाहावे. तेथे '५ किब' आणि '१४ याशकिन' कोरलेले असेल तर वाचन बरोबर आहे, आणि या स्तंभावर ते तसे आहे. मात्र दिवसाचे नाव आकड्यांपाठोपाठ येते आणि महिना बराच पुढे सापडतो, कारण मध्ये चंद्राच्या कलांची नोंद करणारे अनेक खण असतात. महिना सापडत नाही म्हणून लेखकाला चूक ठरवण्याची घाई करू नये. पुढचे खण तपासत जावे. मेळ बसलाच नाही, तर दहापैकी नऊ वेळा आपण कोरीचा ठिपका मोजलेला असतो.

या दिवसाला आपल्या कालगणनेत आणण्यासाठी त्यात ५,८४,२८३ मिळवावेत, म्हणजे खगोलशास्त्रात वापरला जाणारा ज्युलियन दिवसांक मिळतो. नेवाडातील वृत्तपत्राचे संपादक जोसेफ गुडमन यांनी १९०५ साली मांडलेला, मेक्सिकोतील युकातानचे हुआन मार्तिनेस यांनी उचलून धरलेला आणि थॉम्प्सन यांनी थोड्या दिवसांच्या फरकाने नेमका केलेला हा मेळ आहे. काही अभ्यासक त्यात दोन दिवस अधिक धरतात, म्हणून वेगवेगळ्या पुस्तकांत एकाच माया दिवसाच्या दोन तारखा दिसल्या तर गोंधळून जाऊ नये. आपला दिवस ग्रेगोरियन पद्धती मागे नेली असता ५ जुलै ६७४ येतो.

अंतरे मांडणे

या पायरीपर्यंतचे गणित मॉर्ली यांनाही उत्तम येत होते. तारखा शोधण्यासाठी त्यांनी पेतेनचे जंगल अक्षरशः पिंजून काढले. मात्र १९३७-३८ साली निघालेल्या त्यांच्या पाच खंडांच्या ग्रंथात तारखांव्यतिरिक्तची अक्षरे बहुतेक ठिकाणी रेखाटलेलीच नाहीत. ज्यात इतिहास होता नेमका तोच भाग बाहेर राहिला. मॉर्ली यांच्याबद्दल मला आदर आहे, पण काय शोधायचे हे आधीच ठरवून टिपणे घेतली की काय होते, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे नसेल.

आरंभीच्या तारखेनंतर लेखात अंतराचे आकडे येतात. हे उलट्या क्रमाने, म्हणजे लहान एककाकडून मोठ्याकडे वाचायचे असतात. किनचे चिन्ह पुष्कळदा गाळलेले असते आणि त्याचा आकडा विनालच्या चिन्हालाच चिकटवलेला असतो. तिसऱ्या स्तंभावरील पहिले अंतर ० किन, १० विनाल, १२ तुन, म्हणजे ४,५२० दिवस असे आहे. ते मूळ तारखेत मिळवले की ९.१२.१४.१०.१६, '१ किब १४ कानकिन' येते, म्हणजे १९ नोव्हेंबर ६८६. दुसरे अंतर १० किन, ११ विनाल, १ तुन, १ कातुन, म्हणजे ७,७९० दिवस. त्याने आपण ९.१३.१६.४.६, '४ किमी १४ वो' या दिवशी, १९ मार्च ७०८ला पोहोचतो. बेरीज करताना एक लक्षात ठेवावे की विनालच्या घरात वीस नव्हे, अठरा झाले की हातचा एक पुढे जातो. तिसरे अंतर १५ किन, ८ विनाल, ३ तुन, त्याने ९.१३.१९.१३.१ येते. आणि लेखाचा शेवट होतो तो ९.१४.०.०.०, '६ अहाव १३ मुआन' या, कातुन पुरा होण्याच्या दिवशी, म्हणजे ३ डिसेंबर ७११ला.

या पाच तारखा वहीत उभ्या मांडाव्यात आणि प्रत्येकीसमोर पहिल्या तारखेपासूनचे अंतर वर्षांत लिहावे: शून्य, सुमारे बारा वर्षे चार महिने, सुमारे तेहेतीस वर्षे आठ महिने, आणि शेवटच्या दोन्ही सदतीस वर्षांच्या आसपास. आता प्रत्येक तारखेलगतचे अक्षर पाहावे. पहिल्या आणि ७०८च्या तारखेपाशी वर तोंड केलेल्या बेडकाचे चिन्ह आहे, ज्याला अभ्यासकांत 'उताणा बेडूक' असे टोपणनाव पडले. दोन्ही तारखांच्या पुढे जी नावे येतात त्यांच्या आधी एका स्त्रीचा चेहरा कोरलेला आहे.

प्रोस्कुरियाकॉफ यांनी हाच तक्ता एका स्तंभाचा न करता सगळ्या नगराचा केला. कार्नेगी संस्थेत असताना, १९५० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, त्यांनी माया शिल्पांतील मुकुट, पिसारे, पादत्राणे आणि उभे राहण्याच्या ढबी यांची बारीक नोंद करून शैलीवरून शिल्पाचा काळ ठरवण्याची रीत बसवली होती. त्यामुळे प्रत्येक आकृतीचा तपशील त्यांच्या डोळ्यांसमोर तयार होता. पिएद्रास नेग्रासचे स्तंभ देवळांसमोर गटागटाने उभे होते, आणि दर पाच तुनांनी, म्हणजे १,८०० दिवसांनी, बहुधा नवा स्तंभ उभारला जात असे. काही गटांच्या प्रारंभी एक विशिष्ट चित्र येते, असे त्यांच्या ध्यानात आले: उंचावरील कोनाड्यात बसलेली व्यक्ती, खाली शिडी आणि शिडीवर पावलांचे ठसे. सहावा, अकरावा, चौदावा आणि पंचविसावा हे स्तंभ या प्रकारचे आहेत. या स्तंभांवर उभारणीच्या तारखेच्या थोडी आधीची एक तारीख असते आणि तिच्यापाशी जबड्याभोवती फडके बांधलेल्या मुखाचे चिन्ह असते, ज्याला 'दातदुखी' म्हणतात. त्याच गटात त्याहून कित्येक वर्षे आधीची आणखी एक तारीख येते, आणि तिच्यापाशी असतो उताणा बेडूक. पुढील स्तंभांवर या तारखांचे वर्धापनदिन नोंदलेले असतात, आणि मग तो गट संपून दुसऱ्या देवळासमोर नवा कोनाडा, नवी शिडी, नवा बेडूक सुरू होतो.

पूर्वीचे अभ्यासक कोनाड्यातील आकृतीला देव आणि शिडीला स्वर्गारोहण मानत, आणि दातदुखीच्या तारखेला देवळाच्या स्थापनेची तारीख. प्रोस्कुरियाकॉफ यांनी विचारलेला प्रश्न फार साधा होता: एकेका गटातील पहिल्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंतचा काळ किती? एकही गट माणसाच्या आयुष्यापेक्षा लांब नव्हता. देवळाला किंवा देवाला अशी मर्यादा असण्याचे कारण नाही. म्हणून बेडूक म्हणजे जन्म, दातदुखी म्हणजे राज्यारोहण, आणि गट म्हणजे एका राजाची कारकीर्द.

आकृतीकडे परत येणे

तिसऱ्या स्तंभावर आता पुन्हा पाहावे. येथे सिंहासनावर लांब झगा घातलेली व्यक्ती बसलेली आहे आणि तिच्याजवळ एक लहान आकृती आहे. अशा झगेवाल्या आकृत्यांना बराच काळ पुरोहित समजले गेले. आपल्या तक्त्याप्रमाणे ६७४ साली एका स्त्रीचा जन्म झाला, ती बारा वर्षांची असताना काही महत्त्वाची घटना घडली, आणि ती तेहेतीस वर्षांची असताना आणखी एका स्त्रीचा जन्म झाला. स्तंभ ७११ अखेरचा. तेव्हा मोठी आकृती सदतीस वर्षांची आई आहे आणि लहान आकृती सुमारे पावणेचार वर्षांची मुलगी आहे. चित्र आणि तारखा एकमेकांना असा दुजोरा देतात तेव्हाच पुढे जावे. नुसत्या चित्रावरून किंवा नुसत्या बेरजेवरून निष्कर्ष काढू नये.

दुसरी आणि चौथी या दोन तारखा उरल्या. शेजारच्या सहाव्या स्तंभावरून कळते की या गटाच्या राजाचे राज्यारोहण ९.१२.१४.१३.१ या दिवशी झाले. हा दिवस ६८६च्या घटनेनंतर पंचेचाळिसाव्या दिवशी येतो. आणि त्यात बरोबर १ कातुन ५ तुन, म्हणजे पंचवीस तुन मिळवले की आपल्या स्तंभावरची चौथी तारीख मिळते. ती त्या राजाच्या कारकिर्दीचा वर्धापनदिन आहे. ६८६ची घटना ही विवाहाशी संबंधित असल्याचे मानले जाते. आज आपण राजाला दुसरा किनिच योनाल आहक या नावाने ओळखतो आणि राणीला कातुन अहाव या नावाने.

ही नावे मात्र तारखांच्या पद्धतीने मिळालेली नाहीत, आणि येथे त्या पद्धतीची हद्द नीट समजून घ्यावी. अंतरांवरून घटना कोणत्या जातीची आहे एवढे ओळखता येते. शब्द वाचता येत नाहीत. शब्दवाचनाची किल्ली लेनिनग्राडमध्ये युरी क्नोरोझोव यांनी १९५२ साली मांडली होती, ती स्पॅनिश पाद्री दिएगो दे लांदा यांनी सोळाव्या शतकात युकातानात नोंदवून ठेवलेल्या अक्षरमालेच्या आधारे. थॉम्प्सन यांच्या कडव्या विरोधामुळे ती पश्चिमेत बराच काळ मान्य झाली नाही. रशियन ही प्रोस्कुरियाकॉफ यांची मातृभाषा असल्याने क्नोरोझोव यांचे लेखन त्या मुळातून वाचू शकत होत्या, तरीही स्वतःच्या निबंधात त्यांनी उच्चारांचा आधार घेतला नाही. मला हा संयम त्यांच्या शोधाइतकाच मोलाचा वाटतो. ध्वनिवाचन नंतर स्थिरावले आणि उताण्या बेडकाचे वाचन 'जन्मणे' या क्रियापदाशी जुळले, तेव्हा दोन स्वतंत्र वाटांनी एकच उत्तर आले. त्यांनी दोन्ही वाटा आधीच एकत्र केल्या असत्या, तर या पुराव्याचे बळ निम्मे झाले असते. आपल्या वहीतही प्रत्येक निष्कर्षापुढे तो तारखेवरून, जागेवरून, चित्रावरून की वाचनावरून काढला आहे, हे एका अक्षराने नोंदवावे.

ज्यांना हेच काम आयुष्यभर करायचे आहे

प्रोस्कुरियाकॉफ ज्या दाराने आत आल्या ते दार आज बंद आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पदवीशिवाय, केवळ चित्रकलेच्या बळावर, आज कोणी उत्खननाचा प्रमुख अभ्यासक होत नाही. भारतातून या क्षेत्राकडे जाऊ इच्छिणाऱ्याने प्रथम पुरातत्त्वाची पदव्युत्तर पदवी घ्यावी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजसारख्या संस्थेत थरांचे वाचन, खापरांचे वर्गीकरण आणि मोजमापाची जी शिस्त लागते, ती पेतेनच्या जंगलातही तशीच उपयोगी पडते. त्यानंतर टुलेन, ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठ किंवा जर्मनीतील बॉन अशा माया अभ्यासाची परंपरा असलेल्या विद्यापीठांकडे वळावे. स्पॅनिश भाषा आधीच, भारतात असतानाच शिकावी, कारण परवाने, अहवाल आणि कामगारांशी बोलणे हे सारे त्याच भाषेत चालते. एखादी जिवंत माया भाषाही शिकावी. एकट्या ग्वाटेमालात अशा बावीस भाषांना मान्यता आहे, आणि लाखो लोक त्या बोलतात. माया लोक 'नाहीसे झाले' असे वाक्य ज्याच्या टिपणात येते त्याने अजून पुरेसे वाचलेले नाही.

तंत्रेही बदलली आहेत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या विमानातील लेसर मोजणीत, उत्तर ग्वाटेमालातील २,१४४ चौरस किलोमीटर जंगलाखाली ६१,४८० वास्तूंच्या खुणा सापडल्या. यामुळे वसाहतींचा विस्तार कळतो, पण कोनाड्यात बसलेला माणूस कोण हे लेसर सांगत नाही. लेख रेखाटणारे हात आजही कमीच आहेत, आणि तरुण अभ्यासकाला तेथे जागा आहे. बाजारात आलेल्या, कोठून निघाला हे माहीत नसलेल्या दगडावर मात्र काम करू नये. स्तंभ आपल्या जागेवरून हलला की त्याचा गट हरवतो, आणि गट हरवला की वर दिलेली पद्धतच चालत नाही.

कार्नेगी संस्थेने १९५८ साली आपला माया विभाग बंद केला, तेव्हा प्रोस्कुरियाकॉफ पीबॉडी संग्रहालयात गेल्या, आणि १९६०चा निबंध तेथूनच निघाला. १९८४ साली ग्वाटेमालाने त्यांना 'ऑर्डर ऑफ द केत्साल' हा सन्मान दिला. १९८५ साली त्यांचे निधन झाले आणि १९९८ साली त्यांच्या अस्थी पिएद्रास नेग्रासच्या राजवाड्याच्या अवशेषांत पुरण्यात आल्या.

स्वतः करून पाहण्यासाठी

१९६३ आणि १९६४ साली प्रोस्कुरियाकॉफ यांनी हीच पद्धत नदीच्या वरच्या अंगाला, मेक्सिकोच्या तीरावर असलेल्या याश्चिलान नगराला लावली. तेथील चोविसाव्या क्रमांकाची दारावरची शिळा आज ब्रिटिश संग्रहालयात आहे: राजा पेटती मशाल धरून उभा आहे आणि त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसलेली राणी जिभेतून काट्यांची दोरी ओढीत आहे. या शिळेवर दीर्घगणना नाही. फक्त '५ एब १५ माक' एवढेच आहे. दोन चक्रांची अशी जोडी दर १८,९८० दिवसांनी, म्हणजे बावन्न वर्षांना थोडे कमी असताना, पुन्हा येते.

तेव्हा प्रथम ९.१३.१७.१५.१२ ही तारीख वर दिल्याप्रमाणे तपासून ती '५ एब १५ माक' येते याची खात्री करावी. मग तिच्यात १८,९८० दिवस मिळवून आणि वजा करून मागची-पुढची तारीख काढावी. तीन उमेदवार मिळतील, अनुक्रमे ६५७, ७०९ आणि ७६१ सालांतील. शिळेवर ज्याचे नाव आहे तो राजा, ज्याला प्रोस्कुरियाकॉफ यांनी 'ढाल-जग्वार' म्हटले, याश्चिलानच्या इतर लेखांनुसार ६८१ साली गादीवर आला आणि ७४२ साली वारला. ६५७ साली तो राजा नव्हता, ७६१ साली हयात नव्हता. उरते ते २६ ऑक्टोबर ७०९; वहीत ही तारीख अखंड रेषेने नव्हे, तुटक रेषेच्या चौकटीत लिहावी, कारण ती दगडावर कोरलेली नाही, आपण काढलेली आहे.